हजर तोच गुन्हेगार?



खातेचौकशीत कामगाराची बाजू मांडताना आम्ही एक मुद्दा वारंवार सांगत आलो: यंत्र मोडले तेव्हा माणूस तेथे हजर होता, एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. कर्करोगाच्या इतिहासात विषाणूंविषयी हाच वाद झालेला आहे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क अतिशय बारीक गाळणीतून गाळला. त्यात पेशी उरल्या नाहीत, जीवाणूही नाहीत. तरी तो टोचताच निरोगी कोंबड्यांना तशाच गाठी झाल्या. हे १९११ साली प्रसिद्ध झाले. पण कोंबडीचे माणसाला लागू नाही, म्हणून विद्वानांनी ते बाजूस सारले. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी!

पुढे १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणू दाखविला. येथे नुसती हजेरी नव्हती. संसर्ग आधी, रोग कित्येक वर्षांनी. विषाणूची जनुके गाठीच्या पेशींत प्रत्यक्ष काम करताना सापडली. आणि लस आल्यावर रोग घटला. गुदद्वाराच्या कर्करोगातही त्याचा दोष शाबीत आहे.

मोठ्या आतड्याचे तसे नाही. १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांना तेथील गाठींत जेसी नावाचा विषाणू आढळला. पण तो निरोगी आतड्यांतही होता. पॅपिलोमा विषाणू काही प्रयोगशाळांना सापडला, काहींना नाही. आतडे म्हणजे जंतूंचा भरलेला बाजार. विषाणूने गाठ केली, की तयार गाठीत तो मागाहून शिरला, हे हजेरीपटावरून कळत नाही. खटला अजून चालू आहे.

आमच्या एका सूतगिरणीतील सोबत्याला हाच रोग झाला. शौचातून रक्त जाई. मूळव्याध समजून त्याने ते दडविले. पुढे ‘कर्करोग जंतूंनी होतो’ असे कोणी ऐकून आले आणि युनियनच्या कचेरीत त्याचा चहाचा पेला निराळा ठेवला गेला. आम्ही ते पाहिले आणि गप्प बसलो. जन्मभर पुरावा मागणाऱ्या आम्ही पुराव्यावाचून माणूस वाळीत टाकला.

हा रोग पेल्यातून पसरत नाही. बहुधा तो आतड्यातील लहान मोडापासून वाढतो. मोड वेळीच काढला तर रोग टळतो. म्हणून रक्त दिसले तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आजाऱ्याला आपल्याच पेल्यात चहा द्या.