सीओपीडीचे निदान, धूम्रपान करणाऱ्यांतील

दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकाराला दवाखान्यात सगळे सीओपीडीच म्हणतात. धुराने बारीक श्वासनलिका सुजून अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. नाशिक जिल्ह्यात सिन्नर हे विडीधंद्याचे जुने ठाणे. तिथे घरोघरी बायका टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळत आल्या. विडीला फिल्टर नसतो, शिवाय ती विझू नये म्हणून झुरकेही जास्त मारावे लागतात.

रुग्ण उशिरा येतो. खोकला त्याच्या लेखी आजार नसतोच. सकाळी बेडका पडला की मोकळे वाटते, एवढेच. धापेचे खापर वयावर फुटते. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणे त्याने कधीच सोडलेले असते, म्हणून ‘दम लागत नाही’ हे तो खरेच सांगत असतो. अशा वेळी ‘काय काय करायचे सोडलेत?’ हा प्रश्न अधिक उपयोगी. व्यसनाचे माप गुणाकाराने काढतात : रोज 20 विड्या, 30 वर्षे, म्हणजे 600. हा आकडा 300 च्या पुढे गेला की व्यसन जबर मानतात.

खोकला दोन आठवडे टिकला की आधी थुंकी तपासून क्षयाची शंका फेडतात. एक्स-रे मुख्यतः क्षय, कर्करोग असे दुसरे काही हुडकण्यासाठी. सुरुवातीच्या सीओपीडीत तो स्वच्छ येऊ शकतो आणि ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून काही जण दवाखान्याबाहेरच विडी पेटवतात. बोटांची टोके फुगलेली दिसली, तर ती सीओपीडीची खूण समजू नये. कर्करोगाचा शोध घ्यावा.

निदान पक्के होते ते स्पायरोमेट्रीने. इंग्लंडच्या जॉन हचिन्सनने 1846 मध्ये मांडलेल्या यंत्राचीच ही पुढची पिढी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि मग जोराची फुंकर. शेजारी तंत्रज्ञ ‘अजून, अजून, सोडू नका’ म्हणत उभा. श्वासनलिका रुंदावणारे साल्ब्युटामॉल ओढायला देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. तरीही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर अवरोध कायमचा. प्रमाण पूर्ववत झाले, तर दम्याचा विचार करावा.

सोबत आलेल्या बायकोने जन्मभर चूल फुंकली असेल आणि तिलाही धाप लागत असेल, तर ती नळी तिच्याही हातात द्यावी. चुलीच्या धुरानेही हाच विकार होतो.