दुसरं मत

निवडणूक जवळ आली की आमच्या गोंदियातल्या पानठेल्यांवर दोन पार्ट्या पडतात. काँग्रेस-भाजप अशा नाही, त्याच्याही आधीच्या. पहिली पार्टी म्हणते, उमेदवार कोणी का असेना, आपलं मत दिल्लीच्या नेत्याला. दुसरी म्हणते, दिल्लीचा नेता काय धानाचा बोनस घेऊन दारात येणार आहे? आपला माणूस पाहा. मग 'आपला' म्हणजे नेमका कोण, यावर गाडी येते आणि पोवार किती, कुणबी किती, दलित किती, अशी बेरीज-वजाबाकी सुरू होते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या चर्चेत 'संविधान' हा शब्द जोरात आला. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेत आणि टीव्हीवर 'बाबासाहेबांना निवडणुकीत हरवलं कोणी' यावरून हाणामारी झाली. त्यात 'भंडारा, १९५४' हे दोन शब्द कोणीतरी फेकायचं, दुसऱ्याने काहीतरी उलट फेकायचं, की विषय संपला. आता भंडारा १९५४ म्हणजे आमचंच घर की राव! गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी तो भंडारा जिल्ह्यातच होता. आणि १९५४ साली हा सगळा मुलुख महाराष्ट्रातही नव्हता, जुन्या मध्य प्रदेशात होता. राजधानी नागपूर. म्हणून म्हटलं, या वीकेंडला ही गोष्ट नीट मांडून पाहू. दोन वाक्यांत मावणारी ती नाहीच.

सुरुवात होते विडीपासून. गोंदियाच्या गोष्टीत विडी नसेल असं कसं होईल? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्यातून लोकसभेवर गेलेल्यांत एक होते काँग्रेसचे चतुर्भुज जसानी. ते मूलजी सिक्का अँड कंपनी या विडी कंपनीत भागीदार होते आणि या कंपनीचा सरकारी कॅन्टीन स्टोअर्सला विड्या पुरवण्याचा करार होता. सरकारशी धंद्याचा करार असलेला माणूस उमेदवार होऊ शकतो का, असा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

त्याच खटल्यात दुसराही एक मुद्दा होता, आणि मला तो जास्त इंटरेस्टिंग वाटतो. गंगाराम ठवरे नावाच्या उमेदवाराचा राखीव जागेचा अर्ज फेटाळला गेला होता. कारण काय, तर ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. म्हणजे ते आता महार राहिले की नाही? न्या. व्हिव्हियन बोस (हे पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते) यांनी फेब्रुवारी १९५४ च्या निकालात कसोटी सांगितली. जुना समाज त्याला आपलं मानतो का, त्या माणसाचा स्वतःचा इरादा काय आणि नव्या पंथाचे नियम काय म्हणतात, हे पाहायचं. या कसोटीवर ठवरे महारच ठरले, म्हणजे अर्ज चुकीने फेटाळला गेला होता. जसानीही अपात्र ठरले. सगळी निवडणूक रद्द. 'आपला कोण' हा पानठेल्यावरचा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टाने सोडवला तो असा!

निवडणूक रद्द म्हणजे दोन्ही जागा रिकाम्या. हो, दोन. इथे थोडं थांबून तेव्हाची पद्धत समजून घेऊ, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मोजणीचा अल्गोरिदम असा: आधी अनुसूचित जातीच्या उमेदवारांमध्ये ज्याला सर्वात जास्त मतं, त्याला राखीव जागा. मग उरलेल्या सगळ्यांमध्ये (यात अनुसूचित जातीचे बाकीचे उमेदवारही आले) ज्याला सर्वात जास्त मतं, त्याला सर्वसाधारण जागा. कंसातलं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडून उभे राहिले स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, १९५२ ला मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून ते हरले होते आणि नंतर राज्यसभेवर गेले होते. तब्येत चांगली नव्हती. सर्वसाधारण जागेवर त्यांचे जोडीदार होते प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मुंबईच्या पराभवातही हीच जोडी होती. समोर काँग्रेस आणि राखीव जागेवर तिचे भाऊराव बोरकर.

म्हणजे बघा, पानठेल्यावरचे सगळे मुद्दे तेव्हाही हजर होते. एकीकडे नेहरूंचं नाव, ज्याच्यावर कोणीही निवडून येईल असे ते दिवस. दुसरीकडे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, पण आमच्या भागात बाहेरचा. बोरकर त्यांच्यापुढे फारसे नावाजलेले नव्हते, पण पाठीशी काँग्रेस. प्रचारात बाबासाहेबांनी नेहरू सरकारवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर कडक टीका केली. त्याच सुमारास, २९ एप्रिल १९५४ ला, भारत आणि चीनने तिबेटविषयीच्या करारावर सह्या केल्या. पंचशील आलं ते त्यातूनच. धानाच्या बांधावर बसलेल्या मतदारासमोर हा माणूस परराष्ट्र धोरण मांडत होता! त्याला ते कळणार नाही असं गृहीत न धरणं हा मला त्या मतदाराचा मोठा सन्मान वाटतो.

आणि आता ती प्रसिद्ध गोष्ट. या निवडणुकीच्या आठवणींमध्ये असं सांगितलं जातं की काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं, आपल्या लोकांनी एकच मत द्यावं, तुम्हाला. दुसरं वाया घालवावं. याला तेव्हा 'मत कुजवणं' म्हणत. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. हरलो तरी चालेल, पण मत कुजवायला मी सांगणार नाही, असा त्याचा आशय.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला प्रश्न पडला होता, की मत कुजवून फायदा काय? बाबासाहेबांची लढत बोरकरांशी. त्यांच्या मतदारांचं दुसरं मत मेहतांना गेलं तर बोरकरांना काय त्याचं? उत्तर त्या कंसातल्या वाक्यात आहे. राखीव जागा बोरकरांना गेली, तरी बाबासाहेब सर्वसाधारण जागेच्या शर्यतीत राहणारच होते, आणि तिथे त्यांची स्पर्धा होती आपल्याच जोडीदाराशी. मेहतांची मतं पुरेशी कमी झाली असती आणि काँग्रेसचा सर्वसाधारण उमेदवारही मागे राहिला असता, तर बाबासाहेब मागच्या दाराने लोकसभेत पोचले असते. कार्यकर्ते भाबडे नव्हते, त्यांचं लॉजिक कागदावर बरोबर होतं. असे निकाल पुढे खरोखर लागलेही. १९५७ मध्ये आंध्रात पार्वतीपुरमला दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मिळाल्या आणि माजी केंद्रीय मंत्री व्ही. व्ही. गिरी (नंतरचे राष्ट्रपती) घरी बसले.

पण त्याची किंमत होती जोडीदाराचा गळा कापणं. शिवाय मुंबईत १९५२ ला कम्युनिस्टांनी मतं वाया घालवायला लावली, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि मेहता हे दोघंच दाद मागायला गेले होते. जी गोष्ट आपल्याविरुद्ध झाली म्हणून दाद मागितली, तीच दोन वर्षांनी स्वतः करायची?

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी. राखीव जागेवर बोरकर विजयी. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी पराभूत.

आता थोडं गणित. मेहतांच्या प्रत्येक मतदाराने दुसरं मत बाबासाहेबांना दिलं असतं, तर बाबासाहेबांची मतं निदान मेहतांइतकी तरी झालीच असती. पण सर्वसाधारण जागा मेहतांना मिळाली याचाच अर्थ त्यांना बाबासाहेबांपेक्षा जास्त मतं होती. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्यांपैकी काही हजार लोकांनी दुसरं मत बाबासाहेबांना दिलं नाही. एक तर ते दुसऱ्या कोणाला दिलं, किंवा कुजवलं. यासाठी कुठल्या गुप्त कागदपत्रांची गरज नाही, निकालातूनच ते सिद्ध होतं.

म्हणून 'बाबासाहेबांना काँग्रेसने हरवलं' हे वाक्य खोटं नाही. काँग्रेसने त्यांच्यासमोर उमेदवार दिला आणि तो जिंकला. पण ते अपुरं आहे. काँग्रेसला नाकारायला निघालेल्या, समाजवादी उमेदवाराला पसंत करणाऱ्या माणसांपैकीही काहींचा हात दुसऱ्या मताच्या वेळी आखडला. त्यांना पक्ष बदलणं जमलं. हा माणूस आपला म्हणणं जमलं नाही. आज ही गोष्ट कुठलाच पक्ष पूर्ण सांगत नाही, कारण पूर्ण सांगितली तर त्यात आपण येतो. मतदार. आमच्या आजोबा-पणजोबांची पिढी, आमचीच गावं.

बाबासाहेब पुन्हा लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला ते गेले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. आता आपल्याला एकच मत. आपल्या माणसाला एक दिल्यावर दुसऱ्याच्या माणसाला दुसरं द्यायचं की नाही, ही परीक्षा मतपत्रिकेवरून गेली.

परीक्षा मात्र संपलेली नाही, फक्त रूप बदललं. आघाडी-युती झाली की चॅनेलवाले विचारतात ना, 'याची मतं त्याला ट्रान्सफर होतील का?' तेच ते दुसरं मत. १९५४ मध्ये ते एका बाजूने झालं नाही, आणि ज्याच्या वाट्याला ते आलं नाही त्यानेच आपल्या लोकांना सांगितलं होतं, की तुमचं दुसरं मत कुजवू नका.