कायम वास्तव्याचा हक्क (ब्रिटन)
ब्रिटनमध्ये बेमुदत राहण्याचा व नोकरी करण्याचा हक्क; रूढ नाव 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन'. लंडनलगतच्या वॉटफर्डमध्ये 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर आलेल्या परिचारिकेला वा संगणक अभियंत्याला तो आपोआप मिळत नाही. २००६ साली पात्रतेची मुदत ४ वरून ५ वर्षे झाली. आधीच आलेल्या अतिकुशल स्थलांतरितांनाही ती लागू करणे अन्यायाचेच होते; २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोणत्याही १२ महिन्यांत १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास वास्तव्याची सलगता तुटते, म्हणून गावच्या आजारपणातल्या खेपाही मोजाव्या लागतात. या हक्कासाठी द्याव्या लागणाऱ्या 'लाइफ इन द यूके' परीक्षेत ४५ मिनिटांत २४ प्रश्न असतात. १८ उत्तरे बरोबर हवीत. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने पात्रतेची मुदत सर्वसाधारणपणे १० वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला.