अनियतकालिकांची जत्रा

कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन पौषांत, परीक्षेच्या कांहीं कामासाठीं मला कोलकात्यास जावें लागलें. काम अपेक्षेहून लवकर उरकलें आणि परतीच्या गाडीस एक दिवस मोकळा राहिला. ज्या गृहस्थांकडे मी उतरलों होतों ते म्हणाले, "व्हिक्टोरिया मेमोरियल पुढच्या खेपेसहि जाग्यावरच असेल. आमचा लिट्ल मॅगाझिन मेळा मात्र चार दिवसांचा पाहुणा आहे, तो पाहून घ्या." यजमानाचा शब्द मोडूं नये म्हणून मी गेलों; कुतूहल फारसें नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

पश्चिमबंग बांगला अकादमीच्या विद्यमानें हा मेळा भरतो. नंदन आणि रवींद्रसदन यांच्या आवारांत लांबच लांब टेबलें मांडलेलीं, प्रत्येक टेबलावर दोन-तीन नियतकालिकांचा संसार, आणि टेबलामागें स्वतः संपादक बसलेला. विक्रेता, कारकून, जाहिरातवाला असा कोणी मध्यस्थ नाहीं. मेदिनीपूर, पुरुलिया, जलपाईगुडी अशा ठिकाणांहून रात्रीच्या गाडीनें आपले गठ्ठे घेऊन आलेले लोक. कोणी शाळामास्तर, कोणी टपालखात्यांतला, कोणी नुकताच मिसरूड फुटलेला विद्यार्थी. अंकाची किंमत विचारली तर संपादक आधीं अंकांतील लेखाबद्दल बोलूं लागतो आणि किंमत शेवटीं सांगतो. आपल्याकडील साहित्यसंमेलनाच्या मांडवांतील ग्रंथप्रदर्शन मीं अनेकदां पाहिलें आहे. तेथें प्रकाशक भेटतात. येथें मासिकच माणसाच्या रूपानें समोर बसलें होतें.

एका टेबलावर साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते. मी मराठी आहें हें कळतांच त्यांनीं खुर्ची पुढें केली आणि म्हणाले, "मग आपल्या ग्रंथालयांत 'असो'चे जुने अंक असतीलच. एका लेखासाठीं त्यांच्या छायाप्रती मिळतील काय?" मीं गुळमुळीत उत्तर दिलें. तें कां, तें पुढें सांगेन. आधीं 'असो' म्हणजे काय हें सांगणें प्राप्त आहे, कारण आपल्या घरोघरच्या कपाटांत तें आढळण्याचा संभव फार थोडा.

पदरमोड करून, मूठभर वाचकांसाठीं, कोणाचीहि परवानगी न मागतां काढलेल्या अशा पत्रांना इंग्रजींत हल्लीं 'झीन' म्हणतात. शास्त्रीय कल्पितकथांच्या अमेरिकन शौकिनांनीं १९३० सालीं शिकागोंत 'कॉमेट' नांवाचें चक्रमुद्रित पत्र काढलें, तें या कुळाचें मूळ समजतात. 'फॅनझीन' हा शब्द त्यानंतर दहा वर्षांनीं निघाला आणि त्याचें शेपूट तेवढें पुढें उरलें. त्या नांवाच्या जत्रा आतां पाश्चात्त्य शहरांत ठिकठिकाणीं भरतात. मुंबईंतहि इंग्रजी वळणाच्या तरुण मंडळींनीं तशी जत्रा भरविली आहे. हा सारा प्रकार नवा व परका आहे असें समजून आपण कौतुक करतों किंवा नाकें मुरडतों. माझ्या मतें दोन्हीहि गैरसमजुतीचे प्रकार आहेत.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळांतच पदरमोडीचें उदाहरण सांपडतें. गणपत कृष्णाजीनें शिळाप्रेस खटपटीनें उभा केला, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ सालीं छापील पंचांग काढलें, तेव्हां त्याच्यामागें ना सरकार होतें ना मिशन. पुढें जोतीराव फुले यांनीं आपलीं पुस्तकें बहुधा स्वतःच्याच हिंमतीवर काढलीं. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालीं लिहून झाला. त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें छापून, सत्यशोधकांच्याच पक्षाच्या पत्रानें पुढचीं छापण्याचें नाकारलें. तो ग्रंथ पुरता छापून निघण्यास मग कित्येक दशकें लागलीं. १८८५ सालीं जोतीरावांनीं 'सत्सार' नांवाची पुस्तिका अंकरूपानें काढली. तिचे दोनच अंक निघाले. वर्गणी नाहीं, ठरलेला दिवस नाहीं. सांगण्यासारखें असेल तेव्हां काढावयाचें, नसेल तेव्हां नाहीं. अनियतकालिक म्हणून जें म्हणतात तें यापरतें निराळें काय असतें?

याच 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत जोतीरावांनीं एका बाईचा कैवार घेतला आहे. ती बाई म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला होऊन तिला फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्या निमित्तानें पुण्याच्या एका पत्रानें सगळ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलें. ताराबाईंनीं त्याला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली आणि १८८२ सालीं ती पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापली गेली. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. त्यांत भाषेचा जो तडाखा आहे तो त्या काळच्या कोणत्याहि गद्यलेखकास हेवा वाटावा असा आहे. पण बाई घरांतल्या बोलण्यासारखें लिहिते, वाक्यांस व्याकरणाचे अलंकार नाहींत. तिच्यावर अशी राळ उडाली कीं, आपल्या माहितीप्रमाणें तिनें पुन्हां कांहींहि छापलें नाहीं. पुढें हें पुस्तक लोक विसरले. वाङ्मयेतिहासाच्या मोठमोठ्या ग्रंथांत त्याचें नांव नव्हतें, विद्यार्थ्यांच्या टिपणांत नव्हतें, शिकविणाऱ्यांच्या बोलण्यांत नव्हतें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां संपादून छापलें आणि आज स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास त्यावांचून लिहितां येत नाहीं.

पांचशें प्रतींपैकीं सगळ्याच्या सगळ्या जर वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या हवालीं झाल्या असत्या तर? 'सत्सार'च्या त्या दोन अंकांतील ओझरत्या उल्लेखावरून आपण एवढेंच म्हटलें असतें कीं, अशी एक बाई होती म्हणतात.

आतां 'असो'कडे वळतों. १९५४ सालीं मुंबईंत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनीं 'शब्द' नांवाचें चक्रमुद्रित पत्र सुरू केलें. चित्र्यांचें वय तेव्हां सोळाच्या आसपास. ज्यांनीं सायक्लोस्टाइलचें यंत्र चालविलें नाहीं त्यांना या पराक्रमाची कल्पना येणार नाहीं. मेणकागदावर टोकदार लेखणीनें अक्षर कोरावयाचें. हात जड पडला तर कागद फाटतो, हलका पडला तर अक्षर उमटत नाहीं. चूक दुरुस्त करावयाची म्हणजे लाल द्रवाचा बोळा फिरवून पुन्हां कोरावयाचें. मग रुळावर शाई घालून एकेक ताव काढावयाचा. पहिल्या प्रती काळ्याभोर, शेवटच्या प्रती भुरकट. तीन-चारशें प्रतींपलीकडे मेणकागद बहुधा टिकत नाहीं. म्हणजे किती वाचकांशीं बोलावयाचें हें यंत्रच ठरवीत असे. पण छापखान्याचा जुळारी, मालक, उधारीची वही या सर्वांच्या कचाट्यांतून लेखक सुटला, ही गोष्ट लहान नव्हती.

'शब्द' १९६० च्या सुमारास थांबलें, आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या पत्रांचें पीकच आलें. अशोक शहाणे यांचें 'असो', राजा ढाले यांचें 'येरू', चंद्रकांत खोतांचें 'अबकडइ', औरंगाबादेहून भालचंद्र नेमाड्यांचें 'वाचा', सतीश काळसेकर व त्यांच्या मित्रांचें 'फक्त'. नांवांतच टवाळी आहे. ज्या काळीं मासिकांचीं नांवें संस्कृत कोशांतून निवडीत, त्या काळीं 'असो' आणि 'फक्त' हीं क्रियापदें-अव्ययें मुखपृष्ठावर आलीं, हा विनोद माझ्या पिढीस शिकवून समजावा लागतो. १९६३ सालीं शहाण्यांनीं 'मनोहर' मासिकांत तत्कालीन मराठी वाङ्मयावर 'क्ष'किरण टाकणारा लेख लिहिला. त्यानें अनेक प्रतिष्ठितांची झोंप उडाली. साठीच्या दशकाच्या अखेरीस या मंडळींपैकीं कांहींनीं 'सत्यकथे'ची होळी केली.

माझें मत विचाराल तर ही होळी मला आजहि रुचत नाहीं. ज्याच्यावर राग आहे तो अंक जाळावा हें सनातन्यांचें शस्त्र. बंडखोरांनीं तें उचलण्याचें कारण नव्हतें. शिवाय यांच्यापैकीं कित्येकांचें लिखाण 'सत्यकथे'नेंहि छापलें होतें. पण मी 'सत्यकथा' पूजनीय मानणाऱ्या घरांत वाढलों, तेव्हां या बाबतींत माझी साक्ष निःपक्षपाती धरूं नये. या पत्रांतील सगळेंच लिखाण सकस होतें असेंहि नाहीं. पुष्कळसें पोरकट आहे, कांहीं केवळ शिवराळ. मात्र 'सत्यकथे'च्या दिवाणखान्यांत जो आवाज येऊंच शकत नव्हता तो येथें प्रथम आला, ही वस्तुस्थिति आहे. १९७२ सालीं दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हां तिच्या संस्थापकांपैकीं राजा ढाले आणि नामदेव ढसाळ हे दोघेहि याच अनियतकालिकांच्या गोतावळ्यांतून आलेले होते. कोलटकर तर शेवटपर्यंत मोठ्या प्रकाशकांच्या दारीं गेलेच नाहींत. त्यांची इंग्रजी 'जेजुरी' १९७६ सालीं कवींनींच मिळून चालविलेल्या क्लीअरिंग हाऊसनें काढली. मराठी कविता शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानें. 'भिजकी वही' २००३ सालीं निघाली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हां कवि हयात नव्हता.

बंगालशीं या मंडळींचा धागा होताच. शहाणे बंगाली उत्तम जाणत आणि त्या भाषेंतून मराठींत अनुवाद करीत. तिकडे १९६१ पासून 'हंग्री' पंथाच्या कवींनीं एकपानी पत्रकें वाटण्यास सुरुवात केली होती. एका कवितेपायीं मलय रायचौधुरी यांना १९६५ सालीं अश्लीलतेबद्दल दोनशें रुपये दंड झाला. १९६७ सालीं उच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष ठरविलें. एका चोपड्यापायीं सरकारचें पोलिसखातें धांवत आलें, यावरूनच त्या कागदाचें वजन कळून येतें.

असें असतां बंगालमध्यें जत्रा भरते आणि आपल्याकडे नाहीं, याचें कारण मला मेळ्यांत नव्हे, दुसऱ्या दिवशीं सकाळीं टेमर लेनमधील एका घरांत सांपडलें. १९७२ सालीं संदीप दत्त नांवाचा एक विद्यार्थी राष्ट्रीय ग्रंथालयांत गेला असतां, लिट्ल मॅगाझिनांचे गठ्ठे टाकून देण्यासाठीं रचून ठेवलेले त्यानें पाहिले. कायद्याप्रमाणें, १९५४ पासून, प्रत्येक प्रकाशकानें आपल्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, मद्रास, मुंबई व दिल्ली येथील चार ग्रंथालयांस स्वखर्चानें धाडावयाची आहे; पण ज्यांना टपालाचें तिकीट जड, त्यांचे अंक तेथें पोंचत नाहींत, आणि पोंचले तर त्यांची ही गत. दत्तांनीं प्रथम निषेधाचें प्रदर्शन भरविलें. मग शाळेंत मास्तरकी करीत, पगारांतून अंक जमवीत, २३ जून १९७८ रोजीं आपल्या वडिलोपार्जित घराच्या तळमजल्यावर लिट्ल मॅगाझिनांचें ग्रंथालय उघडलें. मी गेलों तेव्हां दोन खोल्यांत जमिनीपासून छतापर्यंत अंकच अंक होते. दोन माणसें एकाच वेळीं मागें वळूं शकत नव्हतीं. एक मुलगी जमिनीवर बसून प्रबंधासाठीं टिपणें घेत होती. दत्त २०२३ सालीं वारले.

आतां माझें गुळमुळीत उत्तर. ज्या महाविद्यालयांत मी तरुणपणीं नोकरीस होतों तेथील एका निवृत्त प्राध्यापकांनीं आपला संग्रह ग्रंथालयास दिला होता. त्यांत दोन गठ्ठे या पत्रांचे होते. 'असो' होतें, 'येरू' होतें, नांव वाचतां न येण्याइतके भुरकट झालेले दुसरेहि अंक होते. दोन-चार वर्षांनीं कपाटांची टंचाई झाली. ग्रंथालय समितीचा सर्वांत तरुण सभासद म्हणून छाननीचें काम मजकडे आलें. मीं ते गठ्ठे सोडून पाहिले, टांचण्यांचा गंज बोटांस लागला, आणि अंक अपुरे, क्रमांक विस्कळीत, बांधणी अशक्य, असा अभिप्राय लिहून दिला. त्या वेळीं तो मला अत्यंत व्यवस्थित वाटला होता. गठ्ठे वजनावर गेले.

कोलकात्याहून परतल्यावर मीं त्या महाविद्यालयांत जाऊन जुनी दाखल-नोंदवही मागितली. सध्यांच्या ग्रंथपालबाईंनीं ती विनातक्रार काढून दिली. देणगीच्या नोंदींत अंकांचीं नांवें नाहींत. 'किरकोळ नियतकालिकें, दोन गठ्ठे' एवढेंच आहे. समोर लाल शाईंत 'निकालांत काढलीं' हा शेरा, आणि त्याखालीं माझी सही. बाईंनीं सही ओळखली नाहीं. त्यांनीं विचारलें, "यांतलें कांहीं हवें होतें का, सर?" मीं त्या बंगाली गृहस्थांचा पत्ता खिशांतून काढला, नोंदवहीचा पृष्ठांक त्याच्या पाठीवर उतरून घेतला, आणि त्यांना काय कळवावें याचा विचार करीत जिना उतरलों.