पडले तरी न मोडणारे विमान

दिवाळी जवळ आली, की आपल्याकडची मुले मातीचे किल्ले करू लागतात. दगड, चिखल, एखादे जुने पोते आणि वर पेरलेले हळीव एवढ्या भांडवलावर किल्ला उभा राहतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातला एखादा पोर परंडा करतो, एखादा नळदुर्ग. नळदुर्ग करणाऱ्याला लवकरच एक अडचण पडते: बोरी नदीचे पाणी अडवायचे कसे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बसवायचा कसा? खरा नळदुर्ग चार वेळा पाहूनही हा प्रश्न त्याला सुचलेला नसतो. चिखलात हात घातल्यावर तो सुचतो.

अलीकडे या किल्ल्यांना एक नवे भावंड झाले आहे. ते मातीचे नाही, संगणकाच्या पडद्यावरचे आहे. 'सिंपलप्लेन्स'सारख्या खेळांत मुले पंख, इंजिने, चाके असे सुटे भाग जोडून विमाने बांधतात; अगदी मोठमोठ्या प्रवासी जेट विमानांच्या प्रतिकृतीसुद्धा. बांधून झाले की विमान उडवून पाहायचे. खेळातल्या त्या जगात वारा आहे, वजन आहे, आणि बांधणी चुकली तर विमान कोसळतेही. मोडत मात्र काही नाही. बटन दाबले की विमान पुन्हा धावपट्टीवर हजर!

वडीलधारी मंडळी याला पोरखेळ म्हणतात. पण पडण्याची ही सोय माणसाला फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांची धडपड आहे, आणि त्या हकीकतीचा एक धागा आमच्याच जिल्ह्यातून गेलेला आहे.

बार्शी लाइट रेल्वे जुन्या माणसांना आठवत असेल. अडीच फुटी रुळांवरची ती लहानशी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, आणि पुढे येडशी, तडवळे, ढोकी अशी वाट काढीत १९११ साली लातूरला पोहोचली. ती उभारणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मोठा सावध गृहस्थ होता. गाडीचे सामान हिंदुस्थानात पाठवण्याआधी त्याने इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे खास चाचणीचा मार्ग घालून ते चालवून पाहिले. जे चुकायचे ते तिकडे चुकू द्यावे, बार्शीच्या उतारूंच्या जिवावर नको, असा हा हिशेब.

याच कॅलथ्रॉपचा एक मित्र होता चार्ल्स रोल्स. 'रोल्स-रॉइस' या जोडनावातला रोल्स तो हाच. १९१० च्या जुलै महिन्यात बोर्नमथ येथे उडत असताना त्याच्या विमानाची शेपटी मोडली आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. कॅलथ्रॉपच्या मनाला ते लागले. विमानातून पडणाऱ्याला वाचवता येईल काय, या एका विचाराने त्याला घेरले, आणि त्याने पॅराशूट तयार केले. नाव ठेवले 'गार्डियन एंजल', म्हणजे पाठराखण करणारा देवदूत. पहिल्या महायुद्धात विमानातून लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांच्या वाट्याला मात्र युद्ध संपत येईपर्यंत पॅराशूट आले नाही. येडशीच्या माळावरून रूळ नेणारा माणूस आकाशातून पडणाऱ्यांची काळजी वाहत होता, ही गोष्ट आमच्या शाळांतून सांगितली जायला हवी.

पडणाऱ्याला वाचवण्याचा हा एक मार्ग. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या एका वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातून निघाला. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करी. उडायला शिकण्याची त्याला हौस, पण शिकवणी फार महाग. तेव्हा १९२९ च्या सुमारास त्याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून जमिनीवरच डुलणारे, झुकणारे, वळणारे एक बुटके विमान केले. आपल्या भजनातली पेटी ज्या भात्यावर सूर धरते, त्याच जातीच्या भात्यावर हे विमान झुलत असे. प्रथम लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजून घेतले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले. धुक्यात आणि अंधारात उडण्याची सवय नसल्याने थोड्याच दिवसांत त्यांतले कित्येक मृत्यू पावले. मग सैन्याने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटीत बसून, वर झाकण लावून, केवळ काट्यांकडे पाहत उडायला शिकले.

त्या पेटीचा वारसा पुढे संगणकाने घेतला. ब्रूस आर्टविक याने १९८० च्या सुमारास घरगुती संगणकासाठी उड्डाणाचा खेळ तयार केला. १९८२ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने बाहेर पडला. चार रेघांची टेकडी आणि चार रेघांचे शहर एवढाच त्याचा संसार. आजच्या मुलांची विमाने त्याच वंशातली.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने गेल्या वर्षी थोरल्या भावाच्या संगणकावर जम्बो जेट बांधले. चार इंजिने, अठरा चाके, लाल पट्टा आणि खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी. १९७१ मध्ये एअर इंडियाने आणलेल्या पहिल्या बोइंग ७४७ चे, 'एम्परर अशोक'चे, ते रूप होते. पहिल्यांदा उडवले तेव्हा ते नाक वर करून शेपटीवर आपटले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, पण कारण मलाही कळले. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, तसेच हे. गुरुत्वमध्य पंखांच्या उचलीच्या मागे गेला होता.

"कितव्यांदा पडलं रे?" मी विचारले.

"मोजलं नाही, गुरुजी. पडलं तर काय, परत करायचं."

मग मी त्याला खऱ्या 'एम्परर अशोक'ची हकीकत सांगितली. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि काही मिनिटांतच वांद्र्यापुढे समुद्रात कोसळले. आतली सर्व २१३ माणसे गेली. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले, बाहेर काळोखात खरे क्षितिज दिसत नव्हते, आणि विमान नको त्या बाजूला झुकवले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. मुलगा बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "गुरुजी, ते परत करता आलं नसतं."

त्याने नेमके मर्म धरले होते. आज खऱ्या वैमानिकांना नकली विमानात बसवून यंत्र मुद्दाम बिघडवले जाते, भोवती काळोख केला जातो. तिथे शंभरदा चुकावे, म्हणजे समुद्रावर एकदाही चुकायची पाळी येऊ नये.

एअर इंडियाच्या उरल्यासुरल्या जम्बोंपैकी एक विमान २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला उडाले, सुटे भाग काढून घेतले जाण्यासाठी. आमच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर असले विमान उतरणे कधी शक्यच नव्हते. इथल्या पोरांना ते भेटते ते पडद्यावरच.

तेव्हा या सुटीत तुमच्या घरी कोणी मूल विमान पाडीत बसलेले दिसले, तर लगेच रागावू नका. फराळाची ताटली घेऊन शेजारी बसा आणि विचारा, का पडले? उत्तर त्याला ठाऊक असेल, तर त्याचा वेळ सत्कारणी लागला. ठाऊक नसेल, तर दोघे मिळून शोधा. पहाटेपर्यंत जागायची मुभा मात्र देऊ नका, अभ्यंगस्नान चुकेल.