सनदेबाहेरचे काम

रायपूरच्या गोल बाजारात लग्नाचे सामान घ्यायला गेले, की पुडीबरोबर दुकानदाराच्या घरची खबरही मिळते. परवा हळकुंडे बांधून देता देता ओळखीच्या दुकानदाराने सांगितले, की मुलगी बी.कॉम. झाली आणि सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ‘लीगल’मध्ये लागली. शेजारच्या बांगडीवाल्याने तिथेच निकाल दिला : वकील नाही, मग लीगलमध्ये करणार काय? फायली उचलणार. आमच्या तात्यापाऱ्यातले निवृत्त वकीलसाहेब तर आणखी पुढे गेले. त्यांच्या मते हा प्रकार नुसता हलका नाही, बेकायदा आहे.

बांगडीवाल्याला उत्तर नंतर देऊ. वकीलसाहेबांचा पूर्वपक्ष भक्कम आहे, तो आधी नीट मांडला पाहिजे. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 29 आणि 33 प्रमाणे वकिलीचा हक्क फक्त सनदधारकाला. वकिली म्हणजे कोर्टात उभे राहणे एवढेच, ही पळवाटही बंद झालेली आहे : मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हच्या प्रकरणात आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात सल्ला आणि मसुदा यांनाही वकिलीतच धरले. तेव्हा कंपनीचे करारनामे तपासणारी बी.कॉम. मुलगी सनदेवाचून वकिली करते, असा हा युक्तिवाद.

पण त्याला अतिव्याप्तीचा दोष लागतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम 49 पाहा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, की वकिलाने सनद स्थगित ठेवायची. हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातल्या कायदा अधिकाऱ्याची नोंदणी रद्द झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सतीशकुमार शर्मा प्रकरणात योग्यच ठरवली. 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात तर त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की वकील-अशील गोपनीयतेचे पूर्ण कवच कंपनीच्या नोकरीतल्या कायदा सल्लागाराला मिळत नाही, कारण तो अधिवक्ता म्हणून व्यवसाय करत नसतो. आता मालकाचा करारनामा वाचणे ही वकिली ठरवली, तर पहिला आरोपी ही मुलगी नव्हे. एलएल.बी. होऊन, सनद कपाटात ठेवून पगार घेणारा तिचा साहेबच आधी पिंजऱ्यात जाईल! कंपनीच्या फाटकाबाहेर सनद ठेवूनच सगळ्यांना आत यावे लागते.

वकीलसाहेब म्हणतील, सनद नसेल, पदवी तर आहे. हे मान्य; पण मग वाद कायद्याचा उरला नाही, कोणते ज्ञान लागते याचा झाला. तिथेच बांगडीवाल्याच्या ‘फायली’ उपयोगी पडतात.

न वटलेल्या धनादेशाचेच पाहा. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी गेली पाहिजे. ती मिळाल्यावर देणेकऱ्याला 15 दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. मागणीची नोटीस वकिलानेच धाडावी असे परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 138 कुठे म्हणत नाही; ज्याचे पैसे अडकले त्याने स्वतः लिहिली तरी चालते. प्रकरण बुडते ते बहुधा युक्तिवादात नाही. बँकेचा मेमो कोणत्या तारखेला हाती आला, पोचपावती कुठे आहे, माल कोणी उतरवून घेतला, याची उत्तरे सापडत नाहीत म्हणून ते बुडते.

त्यात 2013 चा ए. सी. नारायणन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल फार बोलका आहे. धनादेशाची तक्रार मुखत्यार दाखल करू शकतो आणि साक्षही देऊ शकतो, पण त्याला व्यवहाराची स्वतःला माहिती हवी. ‘मुखत्यार’ हा शब्द तरी कुठला? 1879 च्या कायद्यात प्लीडरांबरोबर मुखत्यार आणि महसुली एजंट हेही अधिकृत कायदेकर्मी होते. तो वर्ग गेला, गरज गेली नाही. उलट वकिलाने ज्या प्रकरणात आपल्याला साक्षीदार व्हावे लागेल असे दिसते, ते चालवू नये असा त्याचा स्वतःचाच व्यवसायनियम आहे. म्हणजे कोर्टात वकील लागतो तसाच वकील नसलेला, कागद ओळखणारा माणूसही लागतो. त्याला हमाल म्हणणे ही नासमज आहे.

या मुलीने बाहेरच्या कोणाला फी घेऊन सल्ला देऊ नये, नावामागे ‘अ‍ॅडव्होकेट’ लावू नये, किचकट प्रश्न आला की सनदवाल्याकडे पाठवावा. या मर्यादा मला पूर्ण मान्य आहेत. विभागप्रमुखाची खुर्ची तिला पदवीशिवाय बहुधा मिळणार नाही, हेही खरे. (पदवीधराला तीन वर्षांची एलएल.बी. खुली आहेच.) माझी तक्रार वेगळी आहे : काही कंपन्या कायद्याच्या जबाबदारीचे काम देतात आणि पगार मात्र कारकुनाचा देतात. वकीलसाहेबांनी त्यावर रागवावे, मी त्यांच्या बाजूने बोलेन.

पुडी हातात घेऊन निघालो, तोच मुलगी कामावरून परतली. गल्ल्यात कुण्या जुन्या गिऱ्हाइकाचा परत आलेला धनादेश पडला होता, बँकेचा मेमो टाचलेला. ‘देईल की, घरचाच माणूस आहे,’ म्हणून बापाने ठेवून दिलेला. तिने चपलाही न काढता मेमोवरची तारीख वाचली, बोटांवर मोजले आणि म्हणाली, ‘पापा, ग्यारह दिन बचे हैं.’