बर्फाचा टन आणि संगणकांतील घर

यंत्रांचा इतिहास सांगणारे बहुधा लोखंडाचाच इतिहास सांगतात. अमुक सालीं अमक्यानें चाक फिरविलें, तमुक सालीं दुसऱ्यानें त्यास झडप बसविली, अशी ती वंशावळ असते. परंतु प्रत्येक यंत्राला लोखंडापूर्वीं एक कागदी आयुष्य असतें. त्यांत तें रेषांनीं काढलेलें असतें किंवा आंकड्यांनीं मांडलेलें असतें. रेषा यंत्र कसें दिसतें हें सांगते. तें काय करतें हें आंकडा सांगतो. आज मोठमोठ्या शीतगृहांचे आराखडे संगणकांत तयार होतात, आणि इमारतीच्या भिंती-खांबांबरोबर अमोनियाचीं अवजड यंत्रेंहि त्याच आराखड्यांत उभीं करावीं लागतात. तीं रेषेच्या रूपानें उभीं करावयाचीं कीं आंकड्याच्या, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ तंत्रज्ञांचा दिसतो. पण त्याचें मूळ दोनशें वर्षांच्या इतिहासांत आहे, आणि तो पाहिल्यावांचून त्याचें उत्तर सांपडावयाचें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कृत्रिम रीतीनें थंडी उत्पन्न करण्याची विद्या व्यवहारांत नव्हती, तेव्हां घर हेंच यंत्र होतें. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें १८०६ मध्यें मार्टिनिक बेटास बर्फ पाठवून जो व्यापार आरंभिला, तो १८३३ मध्यें कलकत्त्यास पोंचला. ‘टस्कनी’ जहाजावर सुमारें १८० टन बर्फ चढविला होता. चार महिन्यांचा प्रवास करून व विषुववृत्त दोनदां ओलांडून त्यांतला सुमारें १०० टन धक्क्यावर उतरला. पुढें मुंबई व मद्रास येथेंहि हा अमेरिकन बर्फ येऊं लागला आणि तो सांठविण्यासाठीं बर्फघरें उठलीं. मद्रासचें १८४२ चें बर्फघर अद्यापि उभें आहे. १८९७ मध्यें स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथें झाला होता व आज ती वास्तु त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. अशा घरांत फिरणारें चाक नव्हतें कीं दाबाची नळी नव्हती. भिंतीची जाडी, दाराची बेताची रुंदी आणि वितळलेल्या पाण्याला दिलेली वाट, एवढ्यावर सारा व्यापार तगून होता. त्या व्यापारानें आपली एक खूण मागें ठेविली आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी त्याच अवधींत काढून नेण्याची शक्ति म्हणजे शीतयंत्राचा ‘एक टन’. आजच्या मापानें सुमारें ३.५ किलोवॅट. बर्फाचीं जहाजें गेलीं, पण त्यांचें माप संगणकाच्या पडद्यावर अजून वावरतें आहे.

इकडे हा व्यापार चालला असतां तिकडे युरोपांत यंत्राचा हिशेब सुरू झाला होता. १८२४ मध्यें सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच अभियंत्यानें अग्नीच्या चालकशक्तीवर एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील यंत्राला घर्षण नाहीं, गळती नाहीं, किंबहुना वजनहि नाहीं. तें निव्वळ विचारांत चालतें. तरी कोणतेंहि उष्णतायंत्र अधिकांत अधिक किती काम देऊं शकेल याची मर्यादा त्या अमूर्त यंत्रानेंच प्रथम दाखविली, आणि तेंच उलट चालविलें म्हणजे शीतयंत्र होतें. दहा वर्षांनीं, १८३४ मध्यें, लंडनमध्यें राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकनानें ईथरच्या वाफेवर चालणाऱ्या शीतयंत्राचें पेटंट मिळविलें. पण कल्पना आणि हिशेब यांची गांठ पडावयास आणखी चार दशकें जावीं लागलीं. ती गांठ घातली ती म्युनिकचा प्राध्यापक कार्ल लिंडे यानें. झुरिचला क्लाउसिउस व त्सॉयनर यांच्या हाताखालीं तो शिकला होता. १८७० च्या सुमारास त्यानें तत्कालीन शीतयंत्रें सैद्धांतिक मर्यादेच्या किती मागें आहेत हें आधीं कागदावर मांडलें आणि मग यंत्र करावयास घेतलें. मिथाइल ईथरवर चालणारें त्याचें पहिलें यंत्र उष्णतेच्या हिशेबांत चोख होतें, पण दट्ट्याच्या दांड्याशीं तें गळूं लागलें. ती गळती त्याच्या समीकरणांत नव्हती. रचना सुधारून १८७६ मध्यें त्यानें अमोनियाचें यंत्र सिद्ध केलें, व तें बीयर तयार करणाऱ्या जर्मन कारखानदारांनीं उचलून धरलें. हिशेबावांचून यंत्र आंधळें असतें, आणि हिशेबांत न धरलेली गोष्ट लोखंडांत आपला सूड उगवते, हे दोनही धडे या एका चरित्रांत आहेत.

परंतु या विजयानें एक ताटातूटहि घडविली. थंडी यंत्रांतून येऊं लागली तेव्हां घर यंत्रापासून वेगळें झालें. वास्तुशिल्पज्ञ आपल्या नकाशांत एक रिकामा चौकोन सोडून त्यावर ‘यंत्रशाळा’ असें लिहूं लागला. यंत्रज्ञ आपल्या कागदावर नळ्या काढून भोंवतालीं घर आहे हें विसरूं लागला. निसर्गाला मात्र ही वांटणी मान्य नव्हती. शून्याखालीं वीस-पंचवीस अंशांवर चालणाऱ्या शीतगृहाची थंडी वर्षानुवर्षें जमिनींत उतरत राहते. खालची ओल गोठते, फुगते, आणि फरशी व खांब वर उचलून धरते. म्हणून अशा फरशीखालीं ऊब देणाऱ्या नळ्या किंवा हवेचे मार्ग ठेवावे लागतात. हा दोष एकट्या वास्तुशिल्पज्ञाचा नव्हे, एकट्या यंत्रज्ञाचाहि नव्हे. तो दोन कागदांमधल्या मोकळ्या जागेंत जन्मतो.

संगणकानें ही मोकळी जागा भरून निघेल, अशी आशा होती. १९६३ मध्यें आयव्हन सदरलंड यानें एम.आय.टी. येथें ‘स्केचपॅड’ नांवाच्या रचनेनें पडद्यावर रेषा काढून दाखविल्या. १९७५ मध्यें चार्ल्स ईस्टमन यानें असें प्रतिपादिलें कीं, इमारतीचे अनेक नकाशे काढण्यापेक्षां तिचें एकच वर्णन संगणकांत ठेवावें व त्यांतून हवे ते नकाशे काढून घ्यावे. २००० मध्यें बाजारांत आलेलें ‘रेव्हिट’ हें सॉफ्टवेअर याच विचाराच्या कुळांतलें. दुसरीकडे, अमेरिकन ऊर्जा-खात्याच्या आश्रयानें २००१ मध्यें प्रसिद्ध झालेलें ‘एनर्जीप्लस’ घराच्या उष्णतेचा तासातासाचा किंवा त्याहूनहि लहान अवधीचा जमाखर्च मांडतें. शीतगृहाचे कॉम्प्रेसर व कंडेन्सरहि त्या जमाखर्चांत घेण्याची सोय त्यांत झालेली आहे. म्हणजे एका ठिकाणीं ईस्टमनचा वंश, दुसऱ्या ठिकाणीं कार्नोचा. एकाच शीतगृहाच्या या दोन प्रतिमा पुष्कळदां दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत तयार होतात, आणि जुनी ताटातूट नव्या वेषांत परत येते.

आराखड्यांत कॉम्प्रेसर बसविणें सोपें असतें. त्याचा बोल्टन्‌बोल्ट दाखविणारी आकृति आयती मिळूं शकते. पण त्या आकृतीला पुढील गोष्टी ठाऊक आहेत काय, हें विचारलें पाहिजे. कंडेन्सरच्या आंतील नळ्या साफ करण्यासाठीं वा बदलण्यासाठीं बाहेर ओढावयाच्या तर समोर तेवढीच लांब मोकळी जागा हवी. परत येणारी नळी योग्य दिशेस उतरती नसेल तर तींत द्रव अमोनिया सांचतो, आणि तो एकाएकीं कॉम्प्रेसरमध्यें शिरल्यास यंत्र मोडूं शकतें, कारण द्रव दाबला जात नाहीं. पात्र पूर्ण भरलें असतां त्याचें वजन छतानें पेललें पाहिजे. अमोनिया विषारी आहे; म्हणून यंत्रशाळेला स्वतंत्र वायुवीजन, गळती ओळखणारीं साधनें आणि माणसांना बाहेर पळतां येईल अशीं दारें हवींत. चित्रांत बोल्ट हुबेहूब असून ही माहिती नसेल, तर त्या चित्राची किंमत दुकानाच्या पाटीइतकीच समजावी. उलट साधा ठोकळाच काढला, पण त्याला शीतनाचे टन, विजेचा खप, वजन, नळ्यांचीं तोंडें आणि भोंवतालची राखीव जागा जोडून दिली, तर तो ठोकळा शहाणा म्हटला पाहिजे. या माहितीची देवघेव व्हावी म्हणून सर्वांना वापरतां येईल अशी एक भाषाहि सिद्ध झाली आहे. २०१३ मध्यें तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, व कॉम्प्रेसर, कंडेन्सर यांना तींत स्वतंत्र नांवें आहेत. परंतु भाषा मिळाली म्हणून बोलणाऱ्याला कांहीं सांगावयाचें असतेंच असें नाहीं.

आमच्या मतें या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. आधीं हिशेब, मग आकार, आणि शेवटीं अलंकार, हा क्रम लिंडेनें पाळला. संगणक हाताशीं आल्यानें तो बदलावयाचें कारण दिसत नाहीं. डोळ्यांना भुलविणारें चित्र आज फार थोड्या श्रमांत निघतें, म्हणूनच त्यावर विसंबण्याचा मोह पूर्वींपेक्षां मोठा आहे. वास्तुविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आराखड्यांत शीतयंत्र ठेवावयास सांगतांना, त्यानें प्रथम त्या खोलींतून दर तासाला किती उष्णता काढावयाची आहे, आणि ती अखेर कोठें टाकावयाची आहे, हें लिहून दाखवावें, असा आग्रह शिक्षकांनीं धरावा. बर्फघर बांधणाऱ्या गवंड्याजवळ संगणक नव्हता. पण घर आणि थंडी या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहींत, हें रोज वितळून जाणारा माल त्याला शिकवीत होता. आमचा माल आतां पडद्यावर वितळत नाहीं, म्हणून तें शिकविण्याची जबाबदारी आमच्यावर अधिक आहे.